चंद्रावरचा झोका

आज दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना पडद्यावर फेटचा (PhET, संगणकावर करून बघायच्या विज्ञानप्रयोगांचा संच) लंबक लावला. नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प, अगदी मोफत. कालच उतरवून ठेवलं होतं, आमच्या यावलकडे नेटचा काय भरवसा!

अर्ध्या किलोचा गोळा दीड किलोचा केला. "झोका लवकर येईल," सगळा वर्ग ओरडला. वेळ तेवढीच! मग गुरुत्व चंद्राचं केलं. मीटरभर दोरीचा २ सेकंदांचा झोका जवळजवळ ५ सेकंदांवर गेला. कधी तोंड न उघडणारं मागच्या बाकावरचं पोरगं एकदम बोललं, "सर, हाऊ कितला हायूहायू झुलस!" (हा किती हळूहळू झुलतो!) इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण नुसत्या पडद्यावर माझं मन भरत नाही. सगळ्यांना बाहेर निंबाखाली नेलं. फांदीला मीटरभर सुतळी, खाली दगड, हातात मोबाइलचं घड्याळ. दहा झोक्यांना १८ सेकंद आले. पोरं गोंधळली. पुन्हा केलं, तेव्हा एकीच्याच लक्षात आलं: दगड सोडतानाच ती 'एक' म्हणत होती. शून्यापासून मोजलं आणि २० आले. मोठा दगड बांधला, तरी २०.

घंटा झाली, तरी कोणी हलेना.