दिशेकडे पाठ करून उभा राहिलेला ओब्रायन

शाळेच्या स्मरणिकेत शाळेविषयी लिहावे, हे मान्य. पण आपल्या मैदानावर गोळाफेकीचे वर्तुळ आखले जाते तोवर पॅरी ओब्रायन हे नाव मुलांना ठाऊक असायला हवे. फेकीच्या दिशेकडे पाठ करून उभे राहायचे, ही रीत त्याने रूढ केली.

त्याच्याआधीचे खेळाडू दिशेला कडेने उभे राहत. कॅलिफोर्नियाच्या ओब्रायनने आणखी पाव वळण घेतले. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, वर्तुळ २.१३५ मीटरचे, दोन्ही बदलता येत नाहीत. मग गोळ्याला हाताचा जोर जितक्या अंतरावर मिळतो ते अंतर वाढवायचे, एवढाच हिशेब.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा भार उजव्या पायावर. गोळा बोटांच्या मुळाशी, मानेला टेकलेला, तळहातात नव्हे. वाकून डावा पाय थांबफळीकडे, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या फळीकडे, झटकायचा आणि उजवा पाय जमिनीलगत ओढत वर्तुळाच्या मध्यावर, अंगाखाली आणायचा. हेच सरकणे. इथेच बहुतेकांचे बिघडते. उडी उंच गेली की वेग संपतो. उजवे पाऊल आत न वळता मागेच तोंड करून पडले तर कंबर अडते. खांदे आधी उघडले तर फेक नुसत्या हाताची उरते. कोपर खाली आले तर गोळा चेंडूसारखा फेकला जातो. ते नियमबाह्य, शिवाय कोपर दुखावते ते वेगळेच. आधी कंबर, मग छाती, शेवटी हात आणि बोटे, हा क्रम मोडायचा नाही.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने १७.४१ मीटरवर सुवर्ण घेतले, तेही अवघ्या २ सेंटिमीटरने. ८ मे १९५४ ला ६० फुटांची हद्द ओलांडणारा तो पहिला ठरला. इंग्लंडच्या धावपटू रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पळून दोनच दिवस झाले होते. १९५२ ते १९५६ दरम्यान तो सलग ११६ स्पर्धा जिंकला. मेलबर्नला १८.५७ मीटर, पुन्हा सुवर्ण. रोमला १९.११, रौप्य. टोकियोला १९.२०, चौथा. दर ऑलिंपिकला फेक लांबली, तरी मेलबर्ननंतर क्रमांक घसरत गेला, कारण तोवर त्याचीच पद्धत सगळ्यांनी उचलली होती. मला त्याच्या सुवर्णपदकांपेक्षा हा चौथा क्रमांक मोठा वाटतो.

१९८८ मध्ये पूर्व जर्मनीच्या उल्फ टिमरमनने २३.०६ मीटर फेकले, तेही सरकूनच. आज अव्वल खेळाडू बहुधा सरकण्याऐवजी वर्तुळात गोल फिरून गिरकी घेतात. शाळकरी मुलांना मात्र आधी हलका गोळा देऊन उभ्याने फेक शिकवावी, मग सरकणे. गिरकीची घाई केली की तोल जातो, पाय थांबफळीच्या माथ्यावर पडतो आणि पंचांचे लाल निशाण वर होते.