‘पाठीचं ऑपरेशन’ आणि नंतरचे सहा आठवडे

आमच्या घरात ठरलं होतं की बाहेर सांगायचं, पाठीचं ऑपरेशन आहे. आयडिया सासूबाईंची. तसं अगदी खोटंही नाही म्हणा, पंधरा वर्षं मान आणि पाठ भरून यायची, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेले आणि मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत छातीखालच्या घडीत जे चिघळायचं ते कुठल्या पावडरने कधी थांबलं नाही. तर ४१व्या वर्षी मी ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे छाती लहान करायचं ऑपरेशन, करून घेतलं. मेडिक्लेमच्या एजंटने फोनवरच सांगितलं की कॉस्मेटिकमध्ये धरतील, मग एफडी मोडली. साडेतीन तास लागले. उजवीकडून ६४० ग्रॅम, डावीकडून ५८०. सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणजे सव्वा किलो! एवढी तूरडाळ घेऊन चालायचं तर आपण चारदा हात बदलतो."

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतचा घोडबंदर रोड मी रोज येते-जाते, पण त्यावर इतके खड्डे आहेत हे छातीवर टाके असताना कळतं. सीटबेल्टच्या आत उशी धरून बसलेले आणि नवरा पुढून प्रत्येक स्पीडब्रेकरला "आला आला" करत होता.

दोन्ही बाजूंना ड्रेन होते, म्हणजे बारीक नळी आणि तिच्या टोकाला लोंबणारी छोटी बाटली. सकाळ-संध्याकाळ किती एमएल आलं ते लिहायचं. आम्ही कालनिर्णयवरच लिहिलं, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. चौथ्या दिवशी आकडा एकदम खाली आला आणि नळ्या काढल्या. काढताना दुखत नाही फारसं, आतून काहीतरी सरपटत गेल्यासारखं विचित्र वाटतं बस.

दुखणं म्हणाल तर मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी, तीन दिवसांनंतर साध्या गोळ्यांवर भागलं. पण त्या आधीच्या गोळ्यांनी पोट असं काही घट्ट झालं की विचारू नका, आणि जोर करायचा नाही म्हणे. इसबगोल पहिल्या रात्रीपासूनच सुरू करा, माझ्यासारखी वाट बघू नका.

खरी वैताग आणणारी गोष्ट म्हणजे हात. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही. तेव्हा लक्षात येतं की आपलं सगळं घर खांद्याच्या वर आहे. चहाचा डबा वरच्या फळीवर, दाराची कडी वर, केसांना क्लिप लावायची तरी हात वरच. कुकरचं झाकण लावायला किती जोर लागतो हेही तेव्हाच कळलं. ऑपरेशनच्या आधी ओट्यावर सगळं मांडून ठेवायला हवं होतं, मी काय केलं तर पडदे धुतले. पुढून बटणं असलेले दोन गाऊन मात्र आणले होते, तेवढीच अक्कल. बाकी सर्जिकल ब्रा रात्रंदिवस, आणि झोप पाठीवरच, भिंतीला लोड, त्यावर चार उशा, पहाटेपर्यंत घसरून मी गादीच्या टोकाला.

आणि इथेच गोची झाली. शेजारच्या काकू भेटायला आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "पाठीचं ऑपरेशन ना गं? मग पाठीवर कशी झोपतेस?" कुणीच काही बोललं नाही. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांनीच सांगितलंय. दोन दिवसांत बिल्डिंगमध्ये काय शिजलं देव जाणे, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शहाळं घेऊन आल्या आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "लवकर लक्षात आलं ना पण?" मला कळायलाच अर्धा मिनिट लागला. मग सरळ सांगून टाकलं काय ते, की कॅन्सर नाही, काढलेला भाग तपासायला पाठवतातच आणि रिपोर्ट नॉर्मल आहे. त्या इतक्या सुटल्यासारख्या हसल्या, आणि पुढचा प्रश्न, "खर्च किती आला गं?"

बाराव्या दिवशी रात्री ब्रा ओली लागली. टाके उलट्या टी सारखे असतात, उभी रेघ खालच्या आडव्या रेघेला मिळते तिथे चणाडाळीएवढं उघडलं होतं. मी रडायलाच लागले. डॉक्टरांना फोटो पाठवला, सकाळी बघून म्हणाले की त्या जागी ताण सगळ्यात जास्त येतो, तिथे उघडणं खूप जणींना होतं, ताप नाही, लाली पसरत नाहीये, रोज ड्रेसिंग करा, भरून येईल. आता ड्रेसिंग कोण करणार? नवरा गॉझ उचलूनच पांढरा पडला. सासूबाई उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले, चष्मा लावला आणि बसल्या समोर. जुना गॉझ सलाईनने भिजवून इतका हळू सोडवला की मला कळलंही नाही. मान खाली घालूनच म्हणाल्या, "मलाही होतं असंच. तुझ्या वयाची असताना." आणि पदर जरा सरकवून खांदा दाखवला. माझ्यापेक्षा खोल खड्डा.

सोळा दिवस त्यांनीच केलं.

आता सहा आठवडे होऊन गेलेत. ऑफिस तिसऱ्या आठवड्यात घरून सुरू केलं, लोकल परवापासून, आणि ठाण्याला चढताना पर्स अजून छातीशी धरते. मधूनच करंट लागल्यासारखी कळ येते, नसा जाग्या होतात तेव्हा होतं म्हणे, डावं निपल अजून बधिरच आहे. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लावायला सांगितलंय, व्रण फिके व्हायला वर्ष तरी जाईल. पण मान दुखत नाही. दळण आणून ठेवल्यावर खांदा कसा वाटतो, तसं सारखंच वाटतंय.

काल मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीचा, फोन होता. मी आत होते, ऐकू आलं. "हो हो, पाठीचंच. पण पुढून केलं."