दुसरा पलंग

भुताच्या गोष्टीत भूत जितकं अवाढव्य, तितकी भीती कमी, असं माझं पक्कं मत आहे. गॉथिक कथेचा, म्हणजे जुन्या किल्ल्या-वाड्यांतल्या भयकथेचा, उगम जिथे मानतात, त्या होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’मध्ये (१७६४) ऐन लग्नाच्या दिवशी एक अगडबंब शिरस्त्राण वरून कोसळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. कवी टॉमस ग्रेने वॉल्पोलला कळवलं होतं, की हे पुस्तक वाचून केंब्रिजात आम्हाला रात्री झोपायला जायची भीती वाटते. मला मात्र ते शिरस्त्राण आलं की हसू आवरत नाही.

त्याच केंब्रिजात पुढे एम. आर. जेम्स होते. जुन्या हस्तलिखितांचे गाढे अभ्यासक. नाताळात मित्रांना जमवायचे, एक सोडून बाकी मेणबत्त्या विझवायचे आणि स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचायचे. १९०४ च्या संग्रहातली त्यांची शिट्टीची गोष्ट मी दिवसाउजेडीच वाचते.

पार्किन्स नावाचे प्राध्यापक समुद्रकाठच्या खाणावळीत उतरतात. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. खोलीत पलंग दोन, माणूस एक. पडक्या अवशेषांत त्यांना एक जुनी शिट्टी सापडते, रात्री ते ती फुंकतात आणि बाहेर वारा उठतो. इथवर ठीक आहे. शिट्टी आणि वारा कुणालाही सुचतील. खरी कमाल दुसऱ्या दिवशीची. कामवाली विचारते, जादा पांघरूण कुठल्या पलंगावर घालू? म्हणजे काय, काल झोपलो त्याच! ती म्हणते, माफ करा साहेब, पण सकाळी आम्हाला दोन्ही पलंग आवरावे लागले.

बस. ना किंकाळी, ना रक्त. अंथरुणं घालण्या-काढण्याचा रोजचा हिशेब, आणि त्यात एक पलंग जास्त. बोलणारीला यात भयंकर काही वाटत नाही, म्हणून आपल्याला वाटतं. पार्किन्स तर्कबुद्धीने काहीतरी कारण शोधतात आणि पुन्हा त्याच खोलीत झोपतात. आपण मात्र त्यांच्या एक पाऊल पुढे असतो, आणि त्यांना हाक मारायची सोय नसते. ताण म्हणतात तो हाच.

जेम्स यांनी पुढे लिहूनही ठेवलं, की पात्रं आपापल्या कामात असावीत, आणि त्या निवांतपणात अशुभाने आधी हळूच डोकं वर काढावं, मग जरा जास्त. पण कृती कळली म्हणून साधते थोडीच! गोष्टीच्या शेवटी त्या दुसऱ्या पलंगावर जे उठून बसतं त्याला चेहरा असतो तो चुरगळलेल्या चादरीचा. मला तो चेहरा कामवालीच्या त्या वाक्यापेक्षा फिकाच वाटतो. प्राध्यापकांना मात्र बराच महाग पडला. पुढे शेतातलं बुजगावणं पाहूनही त्यांची झोप उडायची.

आमच्याकडे पाहुण्यांच्या पलंगावरची चादर हल्ली घडी करून कपाटात असते. कुणी विचारलंच, तर धूळ बसते म्हणून सांगते.