सकाळी गुडघा बदलला, संध्याकाळी घरी

सर्जननी एक्स-रे पाहिला, तपासलं आणि मग विचारलं, "रात्री घरी तुमच्याबरोबर कोण असतं?" गुडघ्याच्या डॉक्टरांना याच्याशी काय करायचंय, असं मला वाटलं. "हे असतात," मी म्हटलं. "मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. ऑपरेशनच्या दिवशीच घरी जायचं असेल तर मला त्यांच्याशीही बोलावं लागेल."

माझं वय ६३. उजव्या गुडघ्याची झीज शेवटच्या टप्प्यावर. त्याच दिवशी घरी जाता येतं हे ऐकून आधी भीतीच वाटली. हाड कापून धातूचा सांधा बसवायचा आणि संध्याकाळी घरी?

त्यानंतरचे सहा आठवडे तयारीत गेले, आणि माझ्या मते त्या सहा आठवड्यांनीच मला त्या संध्याकाळी घरी आणलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, हृदयाची तपासणी झाली. एक दाढ किडली होती, तिच्यावर आधी उपचार करायला लावले, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. फिजिओथेरपिस्टनी मांडीचे व्यायाम दिले आणि वॉकर कसा धरायचा, जिना कसा चढायचा हे ऑपरेशनच्या आधीच शिकवलं. हे फार मोलाचं ठरलं. दुखऱ्या पायाने नवीन काही शिकायचं म्हणजे शक्ती दुप्पट लागते. घरातल्या चटया गुंडाळून ठेवल्या, कमोडची बैठक उंच केली, हातांची खुर्ची पलंगाशेजारी आणली. ह्यांनी गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहिला नंबर माझा होता. एकाच दिवसात सोडायचं असेल तर सकाळी लवकर घेतात, म्हणजे भूल उतरायला आणि चालून बघायला दिवस उरतो. जेवण सहा तास आधी बंद, पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चाललं. मणक्यात भूल दिली. मांडीच्या आतल्या बाजूला आणखी एक इंजेक्शन दिलं, त्याने गुडघ्याची वेदना दबते, पण मांडीचा स्नायू बराचसा जागा राहतो, त्यामुळे उभं राहता येतं. रक्तस्राव कमी होण्याचं औषध शिरेतून दिलं. जखमेत नळी नाही, लघवीची नळीही नाही.

भूलतज्ज्ञांनी मला हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनचं काम सांगितलं. १९९०च्या दशकात त्यांनी आतड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांबाबत विचार केला, की यांना रुग्णालयात नेमकं अडकवून काय ठेवतं? वेदना, मळमळ, अशक्तपणा, नळ्या. मग एकेका कारणावर उपाय शोधायचा. ऐकल्यावर माझी भीती बरीच उतरली. मला घाईने घालवत नव्हते, अडकवणारी कारणंच एकेक करून काढत होते.

दुपारी बाराला पहिल्यांदा उभी केली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब घसरला होता. परत निजवलं, सलाईन दिलं. तासाभराने पुन्हा उठवलं, तेव्हा दाराशी जाऊन आले. जिन्याच्या चार पायऱ्याही करून दाखवल्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आता फक्त लघवी व्हायची राहिली होती. मणक्याच्या भुलेनंतर ती अडू शकते आणि ती झाल्याशिवाय सोडत नाहीत. अडीचला झाली, तेव्हा सिस्टर माझ्याइतक्याच खूश झाल्या.

शेजारच्या कॉटवरच्या ताईंचा रक्तदाब मात्र सावरला नाही. त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, तर त्या रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसले. राहावं लागलं म्हणजे काही चुकलं असं अजिबात नाही. हृदयाचा मोठा आजार असलेल्यांना, घरी एकटं राहणाऱ्यांना डॉक्टर आधीच मुक्काम करायला सांगतात, आणि तेच बरोबर आहे.

पहिली रात्र इतकी शांत गेली की मला वाटलं, झालं! इथेच मी चुकले. दुसऱ्या रात्री झोपताना दुखत नव्हतं, तेव्हा ह्यांना म्हटलं, "अकराची गोळी राहू द्या, उगाच कशाला?" मांडीतल्या इंजेक्शनचा असर तोवर ओसरला होता. तीनला जाग आली ती कण्हतच. गुडघा आतून कोणीतरी पिळतंय असं वाटत होतं. ह्यांचे हात थरथरत होते, पण त्यांनी रुग्णालयाने दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या सिस्टरनी सगळं नीट विचारलं: पोटरी सुजून कडक झालीय का? धाप लागते का? ताप? ड्रेसिंग भिजलंय? सगळ्याला 'नाही' ऐकल्यावर त्यांनी सांगितलं, कोणती गोळी आत्ता द्यायची, पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटं लावायचा. पाचच्या सुमाराला मला झोप लागली. कुणी याच वाटेवर असेल तर कळकळीने सांगते, पहिले दिवस गोळी घड्याळाप्रमाणे घ्या, दुखण्याची वाट पाहू नका. आणि फोन उचलणारं माणूस रात्री तीनलाही असेल याची खात्री करूनच त्याच दिवशी घरी जायला होकार द्या.

तिसरा दिवसही जडच गेला. मग हळूहळू उतार पडला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या, शिवाय घोटे वर-खाली करायचे आणि दर तासाला घरातल्या घरात फेरी मारायची. सगळ्यात कठीण होतं गुडघा सरळ करणं. उशी गुडघ्याखाली घ्यावीशी वाटते, पण तसं केलं तर तो वाकलेलाच आखडतो, म्हणून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघा खाली सोडायचा. रोज संध्याकाळी टॉवेल काढून पाय गादीवर टेकवला की हे गुडघ्याखाली हात घालून बघायचे. पहिल्या आठवड्यात आख्खी मूठ जायची. बाराव्या दिवशी टाके काढून आलो, त्या संध्याकाळी त्यांची बोटंसुद्धा आत शिरेनात. त्यांनी दोनदा करून पाहिलं.