ग्रीन बँकला आईचा फोन लागला नाही

रविवारी आमच्याकडे अमेरिकेत सकाळचे साडेदहा वाजले, म्हणजे नारायणगावात रात्रीचे आठ, की आईचा व्हिडिओ कॉल येतो. नऊ वर्षांचा नेम आहे हा. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीसुद्धा तो चुकला नव्हता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी चुकला. त्या दिवशी मी कुठे होते ते सविस्तर सांगायचं आहे, कारण परत आल्यापासून डोक्यातून ते जात नाही.

व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला आम्ही राहतो, तिथून शनिवारी दुपारी निघालो, स्टॉन्टनला मुक्काम केला आणि उजाडता उजाडता २५० नंबरच्या रस्त्याने डोंगर चढायला लागलो. वळणं थेट माळशेज घाटाची, फक्त धबधब्यांच्या जागी लाल-पिवळी झाडं. माँटेरी गाव मागे पडलं आणि फोनच्या काड्या एकेक करून गेल्या. गाडीचा रेडिओ खरखरून गप्प झाला. नवरा म्हणाला, "पुढे येईल रेंज." येणार नव्हती. जिथे रेंज येत नाही तिथेच तर आम्ही चाललो होतो.

वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक हे गाव परग्रहावरच्या माणसांना ऐकायला माणूस पहिल्यांदा नीट कान लावून बसला ते गाव. १९६० सालच्या एप्रिलमध्ये फ्रँक ड्रेक नावाच्या तिशीही न गाठलेल्या शास्त्रज्ञाने इथली ८५ फुटी तबकडी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. दोन्ही साधारण आपल्या सूर्याच्या जातीचे, दहा-बारा प्रकाशवर्षांवरचे. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर विश्वात सगळीकडे सारखीच असते, तेव्हा कुणाला हाक मारायची असेल तर तो याच लहरीच्या आसपास मारेल, असा त्याचा हिशेब होता. पहिल्याच दिवशी यंत्राने जोरदार ठोके पकडले. सगळ्यांचा श्वास अडकला. पुढे कळलं, ते विमान होतं. काही महिने ऐकून हाती काही लागलं नाही. पण तेव्हा लावलेला कान माणसाने पूर्ण काढला नाही, आजही नाही.

मला धक्का बसला तो या इतिहासाचा नाही, नियमाचा. या भागात १९५८ पासून रेडिओ शांततेचं क्षेत्र आहे, जवळपास ३४ हजार चौरस किलोमीटरचं. दुर्बिणीच्या दहा मैलांच्या आत तर राज्याचा वेगळा कायदा आहे. मोबाइलचे टॉवर नाहीत. बिघडलेली, विजेवर तापणारी चादर किंवा ठिणग्या उडवणारं शेताचं कुंपणसुद्धा दुर्बिणीला ऐकू येतं, मग ते शोधून दुरुस्त करतात. दुर्बिणीजवळ फक्त डिझेलच्या गाड्या जातात, कारण पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो आणि त्याची ठिणगीही एक आवाजच. डिजिटल कॅमेरा चालत नाही, रोलचा चालतो. हे मी वाचलेलं होतं, म्हणून स्टॉन्टनच्या दुकानातून एकदाच वापरून टाकायचा रोलचा कॅमेरा घेतला होता. बसमध्ये गाइड बाईंनी एकेकाकडे बघून फोन बंद करवले. नवऱ्याच्या मनगटावरचा फिटनेसचा पट्टा उतरवला, मुलाचं घड्याळ उतरवलं. आठ वर्षांच्या मुलाला घड्याळ काढायला लावणं काय असतं ते आयांना माहीत आहे. त्याने विचारलं, एवढंसं घड्याळ, त्याने काय होणार? बाई म्हणाल्या, चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या सगळ्यात झगझगीत गोष्टींपैकी एक दिसेल. त्याने मुकाट्याने घड्याळ खिशात घातलं.

मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. माझं पोट ज्यावर चालतं त्या ॲशबर्नमध्ये डेटा सेंटरांची रांगच्या रांग आहे, जगातली सगळ्यात मोठी म्हणतात. रात्री झोपतानासुद्धा तिथली घरघर कानात असते. आणि इथे एक अख्खी दरी गप्प बसून आहे. एखाद्याला ऐकू यावं म्हणून.

मग ती दुर्बीण दिसली. पांढरी, १०० मीटर रुंद आणि ११० मीटर लांब, सगळ्या बाजूंना वळणाऱ्या तबकड्यांत जगात मोठी. इथे आधी एक ३०० फुटी तबकडी होती, ती १९८८ च्या नोव्हेंबरात एका रात्री आपोआप कोसळली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. ही नवी २००० साली उभी राहिली. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, अगदी चांगल्या मनाने, मला विचारलं, "तुमच्या देशात असं काही आहे का?"

काय सांगू! पुढची दहा मिनिटं मी एकटीच बोलत होते. आमच्याकडे अशा तीस आहेत म्हटलं. प्रत्येक ४५ मीटरची. चौदा एका ठिकाणी आणि सोळा तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात, सगळ्या मिळून एक दुर्बीण. क्षेत्रफळ जोडलं तर तुमच्या या एकीपेक्षा कितीतरी जास्त. गोविंद स्वरूप नावाच्या माणसाने ती आपल्या हवामानाला आणि आपल्या खिशाला परवडेल अशी आखली. भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या दोरांवर ताणलेली तारेची जाळी, म्हणजे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. २०१६ साली युरोपचं यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण आवाज नारायणगावाशेजारच्या आमच्या खोडदमधल्या याच दुर्बिणीने टिपला. आणि आमच्या शेताच्या बांधावरून त्यातल्या दोन दिसतात. हे शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं. गृहस्थ मान डोलावत होते. नवऱ्याने हळूच माझा हात दाबला.

खरं सांगते, खोडदच्या या दुर्बिणीचा, म्हणजे जीएमआरटीचा, एवढा अभिमान मला नारायणगावात कधीच वाटला नाही. तिथे ती नुसती असते, शिवनेरी असतो तशी. आम्ही बाजाराला टोमॅटो घेऊन निघालो की तबकड्या कुठे वळल्यात ते बाबा बघायचे, पाऊस कुठून येतोय ते बघावं तसं. शाळेतून २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दोनदा गेले, तेवढीच. पहिल्यांदा गेले तेव्हा बाबाही बरोबर आले होते. एका तबकडीच्या खाली उभं राहून वर बघत बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "एवढी मोठी, पण हिच्यातनं आभाळ दिसतंय बघ." मला तेव्हा वडापावची गाडी कुठे आहे याची काळजी होती.

दौरा संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फोन सुरू केला, अर्थात रेंज नाही. आणि एकदम लक्षात आलं. साडेदहा! आईला मी सांगितलेलंच नव्हतं. तुम्हाला आमची आई माहीत नाही. पंधरा मिनिटं उत्तर आलं नाही की ती दादाला फोन करते, दादा नवऱ्याच्या भावाला, आणि अर्ध्या तासात दोन्ही घरांत मी हॉस्पिटलात असते. रस्त्याकडेला एक दुकान दिसलं. घरचा जॅम, शिकारीच्या टोप्या, दूध, पाव, सगळं एकाच ठिकाणी. गल्ल्यावर सत्तरीच्या एक आजी होत्या. मी विचारलं, फोन करता येईल का, माझी आई भारतात वाट बघतेय. त्यांनी काही न विचारता गुंडाळ्या वायरचा जुना फोन काउंटरवर सरकवला. "आईला ताटकळत ठेवायचं नसतं," एवढंच म्हणाल्या.

भारताचा कॉल त्यांच्या बिलावर टाकायला मला धीर होईना, म्हणून ॲशबर्नच्या मैत्रिणीला लावला आणि तिला आईला कळवायला सांगितलं. तिने तिथल्या तिथे दुसऱ्या फोनवरून आईला लावलं आणि दोन्ही फोन एकमेकांना टेकवले. लांबून, विहिरीतून यावा तसा, आईचा आवाज आला, "कुठं गेली होतीस गं? जीव घाबरा झाला." मी म्हटलं, खोडदसारख्या गावात आलेय, फोन चालत नाही. त्यावर ती एकदम शांत झाली. "मग बरोबर. मोठ्या डिशीपाशी बंदच ठेवतात." खोडद म्हटल्यावर तिला अमेरिका समजली.

आजींनी पैसे घेतले नाहीत. मराठी त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण त्यांनी विचारलं, गाव कुठलं? मी सांगितलं, आमच्या गावाशेजारीही अशी दुर्बीण आहे. "मग तुला माहीतच आहे," त्या म्हणाल्या. परदेशात नऊ वर्षं झाली, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. इथे मला सगळं समजावून सांगतात. नाहीतर मी समजावून सांगते.

"तुमच्याकडे किती आहेत?"

"तीस."

आजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तीस? आणि तुम्ही सगळे गप्प बसता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सगळे नाही, पण शास्त्रज्ञ जमवतात," असं काहीतरी म्हणाले आणि बाहेर आले.

आता गाडीत बसल्यावर जे सुचलं ते इथे लिहिते. त्या पोकाहॉन्टस काउंटीत आठ हजारांच्या आत माणसं आहेत. आपल्या एकट्या जुन्नर तालुक्यात चार लाखांच्या आसपास. डोंगराआड आठ हजारांनी गप्प बसणं आणि पुणे-नाशिक हायवेच्या कुशीत चार लाखांनी गप्प बसणं एक नव्हे. आपल्याकडे मोटारी चालणार, मोटरसायकली चालणार, जत्रेला भोंगे लागणार, पोरांच्या हातात मोबाइल असणार. त्या सगळ्यातून ज्यांनी विश्वाचा आवाज वेगळा काढला त्यांचं काम जास्त अवघड आहे, असं मी ठामपणे म्हणते. आणि ग्रीन बँकच्या घरांमध्येही आता वायफाय आलंय, हे आजींनीच बोलता बोलता सांगितलं होतं. म्हणजे तिथेही सगळे गप्प बसत नाहीतच.

पण एक गोष्ट मला टोचली. त्या आजींना माहीत होतं की आपण कशासाठी गप्प बसतो. त्यांच्या गावातून दुसऱ्या ताऱ्यांना ऐकलं गेलं, हे त्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. मी अठरा वर्षं खोडदशेजारी काढली आणि या तबकड्या काय ऐकतात हे कुणाला विचारलं नाही. सांगणारे होते, दर विज्ञान दिनाला मराठीत जीव तोडून सांगत होते. मीच विचारलं नाही. शिकून बाहेर पडायची घाई होती. त्या घाईचा मला पश्चात्ताप नाही, घरावरचं कर्ज त्याच पगारातून फिटलंय. तरी टोचलं.

परतीच्या वाटेवर मुलाने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, ते सापडले तर चांगले असतील का गं?"

मी त्याला त्याच आवारात १९६१ साली झालेल्या बैठकीचं सांगितलं. ड्रेकने तिथे एक समीकरण मांडलं होतं. आपल्या आकाशगंगेत आपल्याशी बोलू शकतील असे किती समाज असतील त्याचं. तारे किती जन्मतात, किती ताऱ्यांना ग्रह असतात, किती ग्रहांवर जीव उपजतो, असे एकापुढे एक सात गुणक. शेवटचा गुणक असा की असा समाज किती वर्षं टिकतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहत होती, दोन्हीकडे अणुबॉम्ब तयार होते, आणि ही माणसं डोंगरात बसून त्या शेवटच्या आकड्यापाशी अडली होती. कारण जो समाज शंभर-दोनशे वर्षांत स्वतःलाच संपवतो त्याची हाक कुणाच्या कानावर पडायची? ज्यांची हाक आपल्यापर्यंत पोचेल ते बहुतेक खूप काळ टिकलेले असणार. आणि आपसात मारामाऱ्या करत कुणी लाखो वर्षं टिकत नाही. म्हणून मला वाटतं, चांगलेच असतील. याला पुरावा नाही, पण मी हे मनापासून मानते आणि त्यालाही तसंच सांगितलं.

रात्री बाबांशी बोलणं झालं. नातवाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "येऊ दे की. लांबून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं आधी." मग माझ्याकडे वळले. तिथली जमीन कुणाची होती, शेतकऱ्यांची का? मी म्हटलं, हो, सरकारने शेतकऱ्यांकडूनच घेतली. भाव काय दिला? ते मला सांगता आलं नाही. बाबांना ते आवडलं नाही. एवढं लांब जाऊन आलीस आणि हे विचारलं नाहीस?

रोल धुवून यायला तीन आठवडे लागले. सत्तावीसपैकी अकरा फोटो बरे आलेत. दुर्बिणीचा सगळ्यात चांगला फोटो, तबकडी अख्खी, मागे डोंगर, खाली चिमुकला आमचा मुलगा, मी मोठा करून बाबांना पाठवला. आईने चष्मा आणून दिला. बाबांनी फोन आडवा धरला, उभा धरला, पुन्हा आडवा धरला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण हिच्यातनं आभाळ दिसत नाही."