पाटीवर कुणाचं नाव?

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचं ट्वायनिंग्जचं चहाचं दुकान अगदी बोळासारखं अरुंद आहे. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवत होते. दारावरचा सोनेरी सिंह, शेजारी बसलेल्या दोन चिनी पुरुषांचे पुतळे, आत चहाचे डबेच डबे.

"कुणाचं गं हे?"

थॉमस ट्वायनिंगने १७०६ मध्ये इथलं कॉफी हाउस घेतलं आणि चहा विकायला लागला. तेव्हाचं कॉफी हाउस म्हणजे पुरुषांचा अड्डा, बायका गिऱ्हाईक म्हणून सहसा नसायच्या. आणि गंमत बघा, १७६२ मध्ये मुलगा डॅनियल गेला नि धंदा हातात घेतला त्याच्या बायकोने, मेरीने. चहावर जबर कर, चोरट्या मालाचा सुळसुळाट, तरी वीसएक वर्षं तिने तो रेटला. तो कर १७८४ मध्ये ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आला, त्यामागे तिच्या मुलाची, रिचर्डची खटपट होती.

एवढं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे दुकान राखलं सुनेनं, नि नाव सासऱ्याचं?"

"आडनाव तिचंही तेच ना!"

"हो. माझंही तेच आहे."

आमच्या किराणा दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे, पुढे 'आणि सन्स'. बाबा गेल्यापासून गल्ल्यावर आईच बसते.

गावात चांगला पेंटर आहे का कुणी ओळखीचा?