आजींचं सोवळं संपायचं

बुधवार, रात्री साडेअकरा

चार वर्षं मी आईशी वाद घालत आले. दाराच्या कडीला हात लागला म्हणून कोणी आजारी पडत नाही, साबण एकदाच पुरतो, वगैरे. तिला हे सगळं ठाऊकच होतं. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ओसीडीत, म्हणजे नको ते विचार छळतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते त्या आजारात, बहुतेकांना आपलं वागणं पटत नसतंच, तरी थांबता येत नाही. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका आहे, त्या २०१३च्या डीएसएम-५ मध्ये या उमजेच्या पायऱ्यासुद्धा दिल्यात. आई तर एका दिवसात सगळ्या पायऱ्या चढते-उतरते. दुपारी चहा पिताना हसते, "मंत्रचळच गं माझा." रात्री नळाखाली हात असले की तीच बाई ठासून सांगते, आत्ता थांबले तर यांना काहीतरी होईल.

बाईंनी माझे वाद बंद केले. "झाले ना गं स्वच्छ?" याला "हो" म्हणणंही बंद. हे फार जड गेलं. त्या एका 'हो'ने तिला दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे इतकी वर्षं मीही साबण लावत होते म्हणायचं.

त्याऐवजी वही आली. धुतले नाहीत तर काय होईल असं वाटलं, आणि काय झालं, असे दोन रकाने. दुसरा बरेच दिवस कोराच असायचा.

आज वही उघडी होती म्हणून सहज विचारलं, आजीपण अशीच होती का? घरात सगळे म्हणतात, सासूचं सोवळं सुनेत उतरलं. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "नाही. त्या एकदा न्हाऊन सोवळं नेसल्या की झालं. नैवेद्य दाखवला, जेवणं झाली की सोडून ठेवायच्या. त्यांचं संपायचं गं. माझं संपतच नाही."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझंच भाषण झालं असतं.

रात्री तिने कडीला हात लावला आणि घड्याळासमोर बसली. दहा मिनिटं नळ नाही, असं ठरलेलं. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयरने १९६६मध्ये लंडनमध्ये दोन रुग्णांवर करून पाहिलेला हाच उपाय, भीती वाटू द्यायची, पण धुवायचं नाही. सातव्या मिनिटाला उठलीच. हात धुऊन आली, तेही दोनदा.

आत्ता वही पाहिली. दुसऱ्या रकान्यात लिहिलंय : "सात मिनिटं. हे घोरताहेत."